टाकी अर्ध्याखाली गेली की अडखळणारे इंजिन

आमच्या बोटीत चार सिलिंडरचे, यांत्रिक इंजेक्शन पंप असलेले डिझेल इंजिन आहे आणि गेल्या हंगामापर्यंत त्याने कधी त्रास दिला नव्हता. मग ते अडखळू लागले. धक्क्याला बांधलेल्या बोटीत ते सहसा पहिल्या किल्लीला सुरू होई आणि न्यूट्रलमध्ये तासभर चालवले तरी आवाजात तसूभर फरक पडत नसे. खुल्या पाण्यात २२०० आरपीएमवर स्थिर चालू असताना मात्र कधी वीस मिनिटांनी, तर कधी दीड तासाने एकाएकी दोन-तीनशे फेरे उतरत, इंजिन तीन-चार आचके देई आणि मी थ्रॉटलपाशी पोहोचेपर्यंत पुन्हा पूर्ववत होई. दोनदा ते पार बंद पडले. त्यांपैकी एकदा वारा आम्हाला खडकांच्या दिशेने लोटत होता आणि नांगराने वेळेत तळ धरला म्हणूनच निभावले. हा दोष सापडायला चार महिने लागले. त्यातले बहुतेक दिवस सुटे भाग बदलण्यात गेले आणि शेवटी उपयोगी पडले ते एक वही, एक निर्वात मोजणारा गेज, हातभर लांबीची पारदर्शक नळी आणि वीस लिटरचा एक कॅन, एवढेच. असाच अधूनमधून येणारा दोष ज्यांच्या मागे लागला असेल त्यांच्यासाठी तो सगळा शोध, माझ्या चुकांसकट, येथे लिहून ठेवतो आहे.

‘इंजिन नीट चालत नाही’ या तक्रारीखाली दोन अगदी वेगळे दोष एकत्र येतात. एकात फेरे स्थिर राहतात पण बोट थरथरते. दुसऱ्यात फेरेच खाली-वर होतात. पहिल्याचे कारण बहुधा इंजिनाच्या बाहेर असते, म्हणजे पंख्याला (प्रोपेलरला) गुंडाळलेली दोरी, वाकलेले पाते, कपलिंगचे ढिले बोल्ट, दबून गेलेले रबरी माउंट किंवा शाफ्टची झिजलेली बेअरिंग. दुसऱ्याचे कारण इंधन, हवा किंवा वायरिंग यांत शोधावे लागते. हे ठरवताना आरपीएमच्या काट्यावर विसंबू नये, कारण पुष्कळ बोटींत तो काटा ऑल्टरनेटरकडून येणाऱ्या संकेतावर चालतो आणि पट्टा घसरला तर इंजिन व्यवस्थित चालू असतानाही काटा खाली येतो. त्यापेक्षा कान अधिक भरवशाचे. आमच्या बाबतीत पट्टा घट्ट होता आणि आवाजच उतरत होता, त्यामुळे दोष दुसऱ्या प्रकारचा आहे याबद्दल शंका उरली नाही.

न्यूट्रलमध्ये तेवढ्याच फेऱ्यांवर चालवून पाहावे आणि तेथे इंजिन ठीक चालले तर दोष पंख्याकडे आहे असे समजावे, हा सल्ला मला तिघांनी दिला. तो अर्धाच खरा आहे. न्यूट्रलमध्ये २२०० फेरे असले तरी इंजिनावर भार नसतो आणि ते डिझेल फारच थोडे जाळते. एक किलोवॅट-तास काम करायला डिझेल इंजिनाला साधारण पाव लिटर डिझेल लागते. आमचे इंजिन त्या वेगाला पंख्यावर पंधरा-सोळा किलोवॅट देते, म्हणजे तासाला सुमारे चार लिटर, आणि न्यूट्रलमध्ये याचा लहानसा अंश. शिवाय टाकीतून डिझेल ओढून इंजिनाकडे देणारा आमचा फीड पंप डायफ्रॅमचा, म्हणजे लवचीक पडद्यावर चालणारा, असल्यामुळे तो मागणीपुरतेच डिझेल ओढतो. म्हणून इंधनाच्या वाटेत अडथळा असला किंवा कोठून हवा शिरत असली, तरी धक्क्यावर सारे सुरळीत वाटते आणि भार पडल्यावरच उणीव उघड होते. धक्क्यावर इंजिन ठीक चालते एवढ्यावरून मी पहिले तीन आठवडे इंधनाची बाजू निर्दोष मानली, ही माझी पहिली चूक.

धूर पाहायचा राहू नये. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त किंवा भार जास्त; निळा म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे; पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे, किंवा वाफ आहे. आमच्या इंजिनातून आचके देतेवेळी क्षणभर पांढरट धूर येई आणि लगेच थांबे. सिलिंडरमध्ये इंधन थोडेच आणि अवेळी पोहोचले तर ते पूर्ण जळत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. ती खूण डोळ्यांसमोर होती, पण तिचा अर्थ लावायला मी थांबलो नाही.

मी थेट फिल्टरकडे वळलो. आमच्याकडे दोन आहेत: पहिला टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये, पाणी वेगळे करणारा, खाली पारदर्शक भांडे असलेला, दुसरा इंजिनावरच, अधिक बारीक. पहिल्याच्या भांड्यात दोन बोटे पाणी आणि त्यावर काळपट, बुळबुळीत थर होता. डिझेलपेक्षा पाणी जड असल्यामुळे ते टाकीच्या तळाशी बसते, आणि जेथे पाणी आणि डिझेल एकमेकांना टेकतात त्या पातळ सीमेवर हॉर्मोकोनिस रेझिनीसारखी बुरशी आणि जिवाणू वाढतात; ते पाण्यात राहतात आणि डिझेलवर पोसतात. बोट हलली की तो थर ढवळला जाऊन नळीत ओढला जातो. हे सगळे मी वाचलेले होते, भांड्यात प्रत्यक्ष दिसत होते आणि म्हणून कारण सापडले असेच मला वाटले. दोन्ही फिल्टर बदलले, टाकीच्या तळाचे पाणी काढले, बुरशीनाशक घातले, टाकी भरली आणि निघालो. पुढच्या तिन्ही फेऱ्यांत इंजिन एकदाही अडखळले नाही.

चौथ्या फेरीला अडखळले. फिल्टर पुन्हा बदलला, पुन्हा तीन फेऱ्या निर्वेध गेल्या, पुन्हा चौथ्या फेरीला तेच. या वेळी काढलेला फिल्टर जवळजवळ स्वच्छ होता, तरी मी टाकीतल्या घाणीवर ठाम राहिलो. त्यानंतर एका अनुभवी मेकॅनिकने इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, काढून तपासायला सांगितले; चारही इंजेक्टर तपासणीत चांगले निघाले, फवारा बारीक आणि एकसारखा होता. मग दुसऱ्याने इंजेक्शन पंपच उघडून दुरुस्त करायचा सल्ला दिला. पंप उतरवणे हे मोठे काम असते आणि त्याची वेळ बिघडली तर चांगले चालणारे इंजिनही बिघडते. येथे मी थांबलो, आणि बरे झाले थांबलो. पंपात दोष असता तर तीन फेऱ्या तो गप्प का बसला असता, याचे उत्तर त्या मेकॅनिकपाशी नव्हते आणि माझ्यापाशीही नव्हते.

उत्तर धाकट्या भावाच्या एका प्रश्नातून आले. आम्ही इंजिनाच्या झाकणावर बसून जुन्या फेऱ्या आठवत होतो तेव्हा त्याने विचारले, “दादा, फिल्टर बदललास त्या दोन्ही वेळी डिझेलही भरलं होतंस ना?”

भरले होते. दोन्ही वेळा फिल्टर बदलणे आणि टाकी भरणे ही कामे मी एकाच सकाळी केली होती, आणि दोन्ही वेळा श्रेय फिल्टरला दिले होते. आमची टाकी १२० लिटरची आहे. तीन फेऱ्यांत मिळून सोळा-सतरा तास इंजिन चालते आणि सत्तरेक लिटर डिझेल जळते. म्हणजे दोष फिल्टरच्या वयाबरोबर येत होता की टाकीच्या पातळीबरोबर, हे माझ्या आठवणीवरून सांगणे शक्यच नव्हते, कारण दोन्ही बरोबरीने बदलत होते. त्या दिवसापासून आम्ही वही ठेवली. दर अर्ध्या तासाला पातळी, आरपीएम, पाण्याचे तापमान, समुद्र शांत की हलता, आणि शेवटच्या रकान्यात इंजिन अडखळले की नाही. पातळी टाकीच्या काट्यावरून घेतली नाही, कारण बोटीच्या टाकीचे काटे फारसे विश्वासाचे नसतात. खुणा केलेली लाकडी काठी तोंडातून बुडवून घेतली. फिल्टर मुद्दाम बदलला नाही. टाकी भरली आणि तोच फिल्टर ठेवला, दोन्ही गोष्टी एका वेळी बदलायच्या नाहीत एवढे एकच बंधन पाळले.

पाच आठवड्यांच्या नोंदीत इंजिन अकरा वेळा अडखळले आणि अकराही वेळा टाकीत पन्नास लिटरपेक्षा कमी डिझेल होते. त्यांतल्या नऊ वेळा समुद्र हलता होता. आणखी एक गोष्ट वहीने दाखवली, जी लक्षातच आली नव्हती: टाकी अर्ध्याखाली असताना रात्रभर उभ्या राहिलेल्या बोटीचे इंजिन सकाळी सुरू व्हायला दुप्पट वेळ स्टार्टर मारावा लागत होता. रात्रीतून डिझेल नळीतून मागे टाकीत उतरत होते, आणि त्याची जागा घ्यायला हवा कोठून तरी आत येत होती.

हवेचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण येथे पुष्कळ जण फसतात आणि मीही फसलो होतो. टाकी इंजिनापेक्षा खाली असेल तर टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. त्या नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून त्या भागात कोठे फट असली तर तेथून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. मी सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसून, कागद गुंडाळून तपासले होते, कोठेही ओल नव्हती आणि म्हणून जोड चांगले आहेत असे मी मानले होते. पंपाच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला ही तपासणी योग्य असते. ओढीच्या बाजूला कोरडा जोड काहीच सिद्ध करत नाही.

टाकीकडे वळण्याआधी जी कारणे स्वस्तात आणि झटपट तपासता येत होती ती आम्ही तपासली. सर्वांत सोपी तपासणी टाकीच्या श्वासनळीची: ती मिठाने किंवा किड्याच्या घराने बुजली असेल तर डिझेल कमी होईल तसा टाकीत निर्वात तयार होतो आणि तासाभराने इंजिन उपाशी पडते, अशा वेळी टाकीचे झाकण सैल केले की हवा सूं करून आत जाते आणि इंजिन लगेच सुधारते. आम्ही झाकण सैल ठेवून चालवून पाहिले, फरक पडला नाही. मग इंजिन बंद करणारा सोलेनॉइड, म्हणजे इंधन तोडणारा विजेवरचा खटका. काही इंजिनांत त्याला चालू असेपर्यंत वीज लागते, आणि त्याच्या वायरचा जोड गंजलेला असेल तर एका धक्क्याने क्षणभर वीज तुटून इंधन बंद होते. आमचा सोलेनॉइड उलट प्रकारचा, फक्त बंद करताना वीज घेणारा आहे, त्यामुळे तो सुटला. हवेच्या वाटेसाठी इंजिनघराचे झाकण उघडे ठेवून एक फेरी केली. एक्झॉस्टच्या रबरी नळीत आतून हात घालून पाहिले, कारण जुन्या नळीचा आतला थर सुटतो आणि त्याचा पदर अधूनमधून झडपेसारखा मिटून इंजिनाचा श्वास कोंडतो. हे कारण बाहेरून कधीच दिसत नाही, म्हणून ते मी आवर्जून लिहितो आहे. यांपैकी काहीही आमचे कारण निघाले नाही, पण प्रत्येकाला पाव तासाहून अधिक वेळ लागला नाही.

कोणता सिलिंडर मार खातो हे पाहायला पुष्कळ मेकॅनिक चालत्या इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करतात. जो सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच काम करत नाही. मी ती चाचणी केली नाही, कारण आमचा दोष क्षणभराचा होता आणि त्या क्षणी चारही सिलिंडर एकदम उतरत होते. ज्यांना करायची असेल त्यांनी हे लक्षात ठेवावे की यांत्रिक पंपाच्या इंजिनातही त्या नळीतला दाब शेकडो बार असतो आणि बारीक फवारा कातडीतून आत घुसतो. ती जखम टोचल्याएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालयात न्यावी लागते. सर्व इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या कॉमन रेल इंजिनात तर हा दाब १००० बारच्या पुढे जातो, तेथे चालत्या इंजिनाची ती नळी कधीही सैल करू नये.

आता राहिली ओढीची बाजू, आणि येथे गेज कामी आला. पहिला फिल्टर आणि फीड पंप यांच्या मध्ये आम्ही निर्वात मोजणारा गेज बसवला आणि त्याच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी. गेजचे एकक इंच पारा असते. एक इंच पारा म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर उंचीचा डिझेलचा स्तंभ. आमच्या टाकीतील पातळी पंपापेक्षा अर्धा मीटर खाली आहे आणि फिल्टरचा थोडा अडथळा, त्यामुळे सर्व काही ठीक असताना काटा दोनच्या आसपास हलता राहतो. या गेजचे मोल असे की तो दोन एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोषांना वेगळे करतो. वाटेत अडथळा असेल तर पंपाला अधिक जोराने ओढावे लागते आणि काटा चढतो. हवा शिरत असेल तर पंपाला डिझेलचा पूर्ण स्तंभ उचलावा लागत नाही आणि काटा उतरतो. इंजिन मात्र दोन्ही वेळा सारखेच आचके देते. काटा चढलेला कसा दिसतो हे आधी पाहून ठेवावे म्हणून, मोकळ्या पाण्यात, नांगर तयार ठेवून, भावाने टाकीची झडप हळूहळू मिटली. काटा आठच्या पुढे गेला तेव्हा इंजिन उतरू लागले आणि झडप उघडताच सावरले. आता आमच्यापाशी तुलनेला एक चित्र होते.

नुसते बुडबुडे पाहून निष्कर्ष काढू नये हेही त्याच वेळी कळले. झडप मिटली असताना पारदर्शक नळीत बारीक बुडबुडे दिसत होते, आणि बाहेरून तर हवा कोठेच शिरत नव्हती. जोराची ओढ बसली की डिझेलमध्ये विरघळलेली हवाच बाहेर पडते. म्हणून नळी आणि गेज दोन्ही एकाच वेळी पाहावी लागतात. बुडबुडे आणि चढलेला काटा म्हणजे अडथळा, बुडबुडे आणि उतरलेला काटा म्हणजे फट.

त्या आठवड्यात टाकीत पंचेचाळीस लिटर डिझेल होते आणि बाजूने लाटा येत होत्या. मी सुकाणूवर होतो, भाऊ टॉर्च घेऊन नळीपाशी. पाऊण तास नळीत निव्वळ पिवळसर, स्वच्छ डिझेल वाहत होते. मग बोट एका बाजूला कलली आणि परत येताना तो ओरडला, “आले! हरभऱ्याएवढे बुडबुडे आलेत, आणि काटा एकवर उतरलाय!” इंजिन मात्र अजून छान चालू होते. पुढची वीस मिनिटे प्रत्येक मोठ्या हेलकाव्याबरोबर दोन-चार बुडबुडे जात राहिले, आणि मग एकाएकी इंजिनाने आचके दिले. पहिल्या फिल्टरच्या डोक्यात जी पोकळी असते तेथे ते बुडबुडे साठत होते. साठा पुरेसा झाला की तो सगळा एकदम पुढे ओढला जाऊन इंजेक्शन पंपापर्यंत पोहोचत होता. डिझेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते; पंपाच्या दट्ट्याखाली हवा आली की दाब तयारच होत नाही आणि इंजेक्टर उघडत नाही. वीस मिनिटे, दीड तास, अशी जी अंतरे आम्हाला अनाकलनीय वाटत होती ती म्हणजे तो साठा भरायला लागणारा वेळ होता आणि तो लाटांच्या जोरावर अवलंबून होता. चार महिन्यांनी प्रथमच त्या दोषाला काही रीत आहे असे दिसले आणि मला मनापासून हायसे वाटले.

हवा शिरते हे ठरले, कोठून हे राहिले. त्यासाठी कॅन. वीस लिटरच्या स्वच्छ कॅनमधून वेगळी नळी थेट पहिल्या फिल्टरला जोडली आणि इंजेक्टरकडून परत येणारी नळीही त्याच कॅनमध्ये सोडली, कारण ती मूळ टाकीतच राहिली तर कॅन किती रिकामा होतो आहे याचा हिशेब चुकतो. कॅन दोरीने पक्का बांधला. तशाच लाटांत तीन तास चालवले. एकही बुडबुडा नाही, काटा हलला नाही, इंजिन एकसुरात चालले. मग पुन्हा मूळ टाकी जोडली आणि अर्ध्या तासात बुडबुडे हजर. जोडून, तोडून, पुन्हा जोडून पाहिल्यावर दोष टाकी आणि तिच्यापासून फिल्टरपर्यंतच्या नळीतच आहे याला दुसरा अर्थ उरत नाही. हा प्रयोग फक्त डिझेलसाठी आहे. पेट्रोल इंजिनाच्या बोटीत उघड्या कॅनने असे काही करणे जिवावर बेतू शकते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साठते आणि एका ठिणगीला पेटते. त्या इंजिनांत अधूनमधून येणाऱ्या मिसिंगसाठी (आचक्यांसाठी) इग्निशन कॉइल, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतील ओलावा आणि टाकीच्या तोंडाशी असलेली अँटी-सायफन झडप यांकडे आधी पाहावे लागते, आणि बदलायचे विजेचे भाग मोटारीचे न घेता बोटीसाठी बनवलेलेच घ्यावे लागतात, कारण ते ठिणगी बाहेर पडू देत नाहीत.

टाकीपासूनची रबरी नळी काढून, एक तोंड बंद करून हातपंपाने हलकी हवा भरली आणि साबणाचे पाणी लावले. फेस आला नाही. झडपेच्या दांड्याशीही नाही. मग टाकीच्या माथ्यावरची फ्लँज, म्हणजे पाइप धरून ठेवणारी चकती, सोडवली आणि सक्शन पाइप बाहेर काढला. टाकीच्या वरून तळाजवळपर्यंत जाणारा हा पातळ धातूचा पाइप आमच्या टाकीत एका बॅफलला खेटून जातो. डिझेलचे हेलकावे मोडण्यासाठी टाकीत बसवलेला तो पडदा. पाइप पुसून पाहिला तर तळापासून वर, साधारण पंचेचाळीस-पन्नास लिटरच्या पातळीला, एका बाजूला नखाएवढा चकचकीत चट्टा होता. बाकी पाइप काळपट आणि तेवढाच भाग घासून उजळलेला. भोक डोळ्यांना दिसत नव्हते. भावाने खालचे तोंड अंगठ्याने दाबले, पाइप पाण्याच्या बादलीत धरला आणि मी वरून फुंकर घातली. चट्ट्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढ्या जागेतून बुडबुड्यांची बारीक सर वर येऊ लागली. इंजिनाच्या थरथरीने इतक्या वर्षांत पाइप पडद्यावर घासला होता आणि पत्रा तेथे झिजून फुटला होता.

त्या एका भोकाने सगळे उलगडले. टाकी भरलेली असताना भोक डिझेलखाली असे आणि आत आले तरी डिझेलच येई. पातळी भोकाजवळ आली की शांत पाण्यात ते झाकलेले राही आणि लाटेत क्षणभर उघडे पडे. रात्री त्यातूनच हवा शिरून नळी मागे रिकामी होई. फिल्टरचा या दोषाशी संबंधच नव्हता, आणि इंजेक्शन पंपाचा तर मुळीच नव्हता.

नवा पाइप त्याच मापाचा करून घेतला, त्याचे खालचे तोंड टाकीच्या तळापासून अडीच सेंटिमीटर वर राहील असे ठेवले, म्हणजे तळाचे पाणी आणि गाळ ओढला जाणार नाही, आणि पडद्याशी जेथे तो जवळ येतो तेथून त्याला थोडा बाक देऊन दूर नेले. मग हवा काढली: आधी पहिल्या फिल्टरचा वरचा स्क्रू, मग इंजिनावरच्या फिल्टरचा, मग पंपाचा, प्रत्येक ठिकाणी फीड पंपाची हातदांडी चालवत फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत. काढलेले तांब्याचे वॉशर नवे घातले. या कामात एक काळजी फार महत्त्वाची आहे आणि ती न घेतल्याने इंजिने कायमची गेली आहेत: हवा काढताना इंजिन सुरू न होता स्टार्टर पुन्हा पुन्हा मारावा लागला, तर समुद्राचे पाणी आत घेणारी झडप बंद ठेवावी. थंड करणाऱ्या पाण्याचा पंप स्टार्टरबरोबरही फिरतो, पण ते पाणी एक्झॉस्टमधून बाहेर फेकायला जळालेला वायू नसतो. पाणी सायलेन्सरमध्ये साठते आणि मागे सिलिंडरमध्ये शिरते. इंजिन सुरू होताच ती झडप लगेच उघडावी, नाहीतर पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा फिरून फाटतो. आम्ही झडपेच्या दांड्याला लाल फडके बांधतो आणि किल्ली त्याच फडक्याला अडकवतो.

नव्या पाइपानंतरची पहिली फेरी आम्ही मुद्दाम तीस लिटर डिझेलवर केली, कॅनमध्ये पंधरा लिटर राखीव ठेवून, बाजूने येणाऱ्या लाटांत, पाच तास. भावाने शेवटच्या रकान्यात दहा वेळा ‘नाही’ लिहिले. पारदर्शक नळी त्याच संध्याकाळी काढून मूळ रबरी नळी लावली, कारण तशी नळी आगीला टिकत नाही आणि डिझेलने कडक होऊन तडकते. ती फक्त तपासणीपुरती असावी. गेज मात्र कायम ठेवला आहे. फिल्टर नवा असताना त्याचा काटा दोनवर असतो, आज सकाळी तो साडेतीनवर होता, आणि पुढच्या फेरीच्या आधी फिल्टर बदलायचा आहे. टाकी त्या दिवशी भरायची नाही.